दोन पंच मिळेपर्यंत

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, दत्तात्रयवर. अंबडच्या बसस्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या, अठ्ठावीस वर्षांच्या माणसावर. झाला तो बऱ्याच वर्षांपूर्वी, अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्या गुरुवारी, सकाळी अकरा पन्नासपासून दुपारी तीन पस्तीसपर्यंत. वेळ मिनिटासकट सांगते, कारण दादानंच जुळवून दिलेलं घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि त्या पावणेचार तासांत मी दोनच गोष्टी पाहत होते. एक ते घड्याळ. दुसरा, जाळीपलीकडं उन्हात ठेवलेला पांढरा खोका.

यंदाही वैशाख लागलाय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बँडवाल्यांची खोली आहे. ऊन मी म्हणतं तेव्हा ते आत बसून पितळी वाद्यं चिंचेनं घासतात, मधूनच एखादा फुंकून बघतो. लोक म्हणतात, लग्नसराई आली. मी उठून खिडकी लावून घेते. समोरच्या सोडावॉटरवाल्याकडं बर्फाची लादी उतरते, तिच्यावरचा भुसा झटकतात, करवत चालते, आणि तो खर्रखर्र आवाज ऐकला की माझा हात आपोआप मनगटाकडं जातो. लिंबाच्या झाडाखाली पांढुरका फुलोरा पडलेला असतो, मोसंबीच्या गाड्या जालन्याकडं निघालेल्या असतात, पोरी नव्या बांगड्या भरून हिंडतात. सगळं चांगलं असतं हो. मीच तेवढी भ्यालेली असते.

भीती आमच्या घराला नवी नव्हती. दादाला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठायला जो एक घटक लागतो, तो त्याच्या अंगात जवळजवळ नाहीच. लोकांना वाटतं, असा माणूस ब्लेड लागून मरतो. ब्लेडचं काय, ते दिसतं तरी. आम्ही भीत होतो ते आतल्या रक्ताला. ठेच लागावी, पायरी चुकावी, आणि सांध्यात किंवा स्नायूत रक्त झिरपत राहावं, तासन् तास, आवाज न करता. मायनं पलंगाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. उखळ शेजारी देऊन टाकलं होतं. उंबऱ्यावर गोणपाट. दादा म्हणायचा, "आपल्या घरात एक कोपरा न्हाई. रुसायचं म्हणलं तर माणसानं जावं कुठं?"

शेत त्याच्यासाठी नव्हतं, ओझं नव्हतं, सायकल नव्हती. म्हणून घड्याळं. डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर स्टुलावर बसायचा. त्याची बोटं इतकी सावकाश चालायची की बघणाराला झोप यावी. बंद पडलेलं घड्याळ टेबलावर आलं की आधी ते कानाला लावायचा आणि गिऱ्हाईकाला म्हणायचा, "मेलं न्हाई. रुसलंय."

त्याच्या रोगावर औषध होतं. कुपीत बंद केलेली पांढरी पावडर, थंडाव्यातच टिकणारी. पाण्यात विरघळवून शिरेत सोडायची, की रक्त थांबतं. तेव्हा ते आपल्याकडं मिळत नव्हतं, आणि मिळालं तरी आमच्यासारख्यांनी नुसतं नाव ऐकून घरी यायचं. परदेशातल्या एका मदतसंस्थेचा पत्ता मला सापडला. मी तेव्हा युवक मंडळात पत्रकं लिहीत होते, इंग्रजी मोडकंतोडकं यायचं. मी पत्र टाकलं. तिकडून एल्सा नावाच्या बाईंचं उत्तर आलं. आपल्या जिल्ह्यात आम्हाला सापडलेली अशी चार घरं होती. त्या चारी घरांसाठी त्या विमानानं एक थंड खोका पाठवणार होत्या. फुकट.

फुकट वस्तू देशात आणायला किती कागद लागतात हे मी त्या उन्हाळ्यात शिकले. ही वस्तू वाटायची आहे, विकायची नाही, असा सरकारी दाखला. डॉक्टरचं पत्र. रुग्णांची यादी. आणि पॅकिंग लिस्ट, म्हणजे खोक्यात काय काय आहे त्याची ओळ न् ओळ. दाखल्यात जे, तेच लिस्टमध्ये. लिस्टमध्ये जे, तेच खोक्यात. एका शिक्क्यासाठी मी एका कचेरीच्या पायऱ्या इतक्या वेळा चढले की तिथला शिपाई म्हणाला, "ताई, तुम्हालाच हजेरी लावून टाकू का?" साहेब लग्नाला गेलेले. मग साहेबांच्या साडूचं लग्न. मग हळद. पण दाखला मिळाला, बिनचूक मिळाला. मी प्रत्येक अक्षर तीनदा तपासलं होतं.

चूक दाखल्यात नव्हतीच. चूक मी आधीच करून बसले होते, एल्साबाईंना आभाराचं पत्र लिहिताना.

दादा म्हणाला होता, "लिही, आभारी आहोत. बास. कशाला पाल्हाळ?"

"एवढंच? त्या बाईला कळू दे ना आपण माणसं आहोत. नुसते रोगी न्हाई."

आणि मी लिहिलं की माझा भाऊ घड्याळं दुरुस्त करतो, जुन्या परदेशी घड्याळांचे भाग इकडं मिळत नाहीत, पण त्याच्या हातात मेलेलं घड्याळसुद्धा बोलायला लागतं. फार बरं वाटलं होतं मला ते वाक्य. पत्रक लिहिणाराला आपलं वाक्य आवडायला लागलं की त्यानं सावध व्हावं. मी झाले नाही.

खोका विमानतळावर उतरला, थंड खोलीत ठेवलाय, असं एजंटचं पत्र आलं. एजंट म्हणजे माल सोडवून देणारा माणूस. त्याला इथं खोत म्हणते. निघायची तयारी चालू असतानाच, मंगळवारी, दुकानासमोरून वरात गेली. नवरदेवाचा घोडा बँडला बुजला. लोक मागं रेटले. त्याच वेळी दादा शटर ओढायला उठला होता. त्याची कंबर ओट्याच्या कडेवर आदळली. एवढंच. वरात पुढं गेली, बँड वाजत होता, आणि दादा ओट्यावर बसून माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

संध्याकाळपर्यंत मांडीचा वरचा भाग ताठला. पाय पोटाशी ओढून घेतलेला, सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, "रक्त आत, स्नायूत साचतंय. तिथूनच पायाची नस जाते. नस दबून राहिली तर पाय जाईल. कुप्या कधी येणार?"

"परवा सोडवते. शुक्रवारी इथं आणते."

"आणा," ते म्हणाले, आणि दादाच्या पायाचा अंगठा दाबून, कळतंय का ते बघू लागले.

त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही म्हणाल, तिथं असंच चालतं, आणि सुटाल. एवढंच सांगते की जालन्याहून छोट्या रुळाच्या गाडीनं मनमाड, तिथून मोठी गाडी, आणि गुरुवारी सकाळी मी विमानतळावरच्या मालाच्या आवारात जाळीबाहेर उभी होते. आवार म्हणजे पत्र्याची लांब शेड, पुढं सिमेंटचा चौक, चौकाला जाळी. खोतांनी खोका थंड खोलीतून बाहेर काढवला. कस्टमचा तपासनीस आला, तिशीचा, घामानं भिजलेला, चेहऱ्यानं वाईट नव्हता. झाकण उघडलं. कुप्या मोजल्या. बरोबर. पाण्याच्या बाटल्या बरोबर. सुया बरोबर. मी श्वास सोडला.

मग त्यानं तळातून लोकरीचा एक मोजा बाहेर काढला. मोजा जड होता. त्यानं तो उलटा केला, आणि सिमेंटवर घड्याळं पडली. जुनी, पट्टे तुटलेली, डझनभर.

"ही लिस्टमध्ये कुठं आहेत?" तपासनीस म्हणाला.

खोतांचा चेहरा उतरला. तेव्हा परदेशी घड्याळ म्हणजे चोरटा माल, त्याला दुसरा अर्थच नव्हता. मोज्यात एक चिठ्ठी होती. एल्साबाईंचं अक्षर मी लांबून ओळखलं. दत्तात्रयसाठी, सुट्या भागांसाठी, असं काहीतरी असणार. त्यांनी आपल्या गल्लीत फिरून गोळा केली असतील. त्या बाईंचा राग मी आजवर करू शकलेले नाही.

अकरा पन्नास झाले होते.

तपासनीस म्हणाला, "जप्ती करावी लागेल. पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

"घड्याळं ठेवून घ्या," मी जाळीतून ओरडले, "दानात देते मी तुम्हाला! औषध तेवढं आत ठेवा. थंडाव्यात ठेवा हो!"

"ताई, सगळं एका खोक्यातलं आहे. एक वस्तू हलवली तर उद्या मलाच विचारतील, बाकीची घड्याळं कुठं गेली. दोन पंच आणा, दहा मिनिटांत मोकळं करतो."

दोन पंच. म्हणजे दोन माणसं, जी बाजूला उभी राहून बघतील आणि कागदावर सही करतील की हो, आमच्यासमोर हे असं झालं. एवढंच काम. सही करायला वेळ किती लागतो ते तुम्हीच करून बघा.

खोत शोधायला निघाले. हमाल म्हणाले, आमचं काम चालू आहे. चहावाला म्हणाला, मागं एकदा झालो होतो, अजून कोर्टाच्या तारखा येतात. एक गाडीवाला हो म्हणाला, पेन हातात घेतलं, आणि पत्ता लिहायचा म्हटल्यावर पेन ठेवून दिलं. दुसऱ्या एजंटचा कारकून हसून म्हणाला, "खोत, तुमच्यासाठी जीव देईन, सही नाही." मी म्हणाले, मी होते पंच. तपासनीस म्हणाला, माल तुमचाच, तुम्ही कशा होणार?

ऊन सरकत खोक्यावर आलं. आधी एका कडेला, मग अर्ध्यावर, मग सगळ्यावर. झाकण उघडंच. आतल्या गारव्याच्या पिशव्यांना घाम फुटला, मग त्या सैल झाल्या, मग नुसत्या पाण्याच्या पिशव्या राहिल्या. कुप्या चमकत होत्या. मी जाळीला धरून उभी होते, जाळी तापली होती. मनात नुसती दादाची मांडी. आत्ता आत किती साचलं असेल. आत्ता. आत्ता. मी घड्याळ बघायचे आणि वाटायचं, काटा थांबवता आला तर रक्तही थांबेल. तो काटा दादानंच साफ केलेला. इमानानं चालत होता.

सगळे भ्याले होते. चहावाला कोर्टाला भ्यालेला, तपासनीस साहेबाला भ्यालेला, खोत आपल्या परवान्याला. त्या आवारात वाईट माणूस मला एकही दिसला नाही, आणि तरी खोका उन्हात होता. दुष्ट माणसाशी भांडायला मी शिकले होते. अशा आवाराशी काय भांडायचं?

तीन वाजून गेल्यावर माझा धीर सुटला. मी मोठ्यानं रडले, आणि आमच्या बोलीत, तोंडाला येईल ते बोलले. "माझा भाऊ तिकडं मरून राह्यला अन् तुम्ही सावलीला उभे! तुमच्या घरी कुणी आजारी पडत न्हाई का? मुडदा बशिवला तुमच्या सह्यांचा!"

शेडच्या खांबाशी एक बाई झाडू घेऊन बसली होती. पन्नाशीची. ती उठली आणि जाळीपाशी आली.

"कुठली गं तू?"

"अंबडची."

"मी तुमच्याच बाजूची, वाटूरची. गयाबाई." तिनं पदर खोचला. "काय पाहिजे त्यांना? मघापासून बघून राह्यले मी."

"दोन माणसं पाहिजेत, मावशी. सहीला."

"मंग मी काय माणूस न्हाई का? मला कुणी इचारलंच न्हाई."

खरं होतं. ती अकरा वाजल्यापासून दहा हातांवर होती. खोतांनी विचारलं नव्हतं, तपासनिसानं नव्हतं, आणि हे लिहिताना हात जड होतो, पण मीही विचारलं नव्हतं. समतेची पत्रकं लिहिणाऱ्या माझ्या डोळ्यांना झाडू दिसला, माणूस दिसला नाही.

तिनं शेडमागं हाक मारली आणि आपल्या दिराला ओढत आणलं. तो कुरकुरला, "वहिनी, नस्ती कटकट हाय ही." ती म्हणाली, "चल. कटकट रोजचीच हाय." तपासनीस बाईच्या हाताकडं बघून घुटमळला. "अंगठाच ना? चालेल का?"

खोत म्हणाले, "साहेब, खोटी सही पाहिलीय मी. खोटा अंगठा अजून नाही पाहिला."

तीन पस्तीसला घड्याळं एका पाकिटात गेली आणि खोका माझ्या हातात आला. वरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला.

शुक्रवारी सकाळी जालन्यात उतरले. आता गार करून उपयोग काय, हे मला कळत होतं. पण हात ऐकेनात. बर्फाच्या कारखान्यावर गेले. तिथला माणूस म्हणाला, "लादी न्हाई, ताई. सगळी लग्नांना गेली. आज तिथीच तशी आहे." मी समोरच्या मांडवात घुसले. मारवाडी कुटुंबाचं लग्न होतं. दारात पगडी घातलेले एक म्हातारे गृहस्थ अत्तर लावत होते.

"आवो बेटी, आधी शरबत घे."

"शरबत नको, काका. बर्फ द्या. औषध आहे ह्याच्यात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं, आणि काही न विचारता शरबताच्या पिंपाकडं गेले. वाढप्याला म्हणाले, "काढ सगळा बर्फ. बाराती गरम पितील. गरम शरबतानं कुणी मरत नसतं." लाल रंगाचे ते बर्फाचे तुकडे मी ओढणीत बांधून खोक्यात भरले. अंबडपर्यंत माझ्या मांडीवर गोड पाणी ठिबकत होतं.

डॉक्टरांनी कुपी उजेडात धरली. "पावडर पांढरीच आहे. पण खराब झाली तरी ती पांढरीच दिसते. सांगता येत नाही."

टोचावं की नाही? टोचलं आणि बाधलं तर? नाही टोचलं तर? माय भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी डॉक्टरांकडं बघत होते, डॉक्टर माझ्याकडं. तेव्हा दादाच बोलला. ओठ पांढरे पडले होते, पण बोलला. "टोचा डॉक्टर. मी न्हाई का बंद घड्याळ उघडून बघत? चाललं तर चाललं."

एका दिवसात थांबायचं ते रक्त थांबायला पाच दिवस लागले. औषध थोडं काम करत होतं, थोडं मेलं होतं. चारी घरांच्या कुप्या त्याच्या एकट्याच्या शिरेत गेल्या. आधी बाकीच्या तीन घरांना मी जाऊन विचारलं होतं. तिन्ही मायांनी हो म्हटलं. त्यातली एक हो म्हणताना आपल्या झोपलेल्या पोराच्या गुडघ्यावर हात ठेवून होती. तो हात मला अजून दिसतो.

दादा वाचला. उजवी मांडी गेली. नस दबून मेली, मांडी काठीसारखी वाळली. आता तो उजव्या हातानं उजवा गुडघा मागं दाबतो, डाव्या हातानं काठी टेकतो आणि पाऊल टाकतो. हात सुटला की पाय मुडपतो. म्हणून चालताना त्याला हातात काही धरता येत नाही. पिशवी नाही, छत्री नाही, भाचीचं बोट नाही. मी तक्रार केली. उत्तर आलं की माल आपणास पोहोचलेला असल्यानं प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. कुणी मेलं असतं तर निदान चौकशी लागली असती. पाय मेला तर कुणाला विचारायचं?

परवा दुकानात बसले होते. बाहेरून वरात जात होती, तर मी उठून त्याच्या स्टुलापुढं आडवी उभी राहिले. तो भिंगातून न बघताच म्हणाला, "सरक गं. उजेड आडवून राह्यली."

"भ्या वाटतं रे."

"मला पण वाटतं. म्हणून काय सगळ्यांनी उजेड आडवायचा?"

मी सरकले. आणि जे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते मला तिथंच आठवलं. दादाचा पाय जायच्या दोन वर्षं आधी शेजारच्या कापडदुकानात चोरी झाली होती. पोलीस पंच शोधत होते. मागच्या बोळातून धावत येऊन मीच दादाला म्हणाले होते, "शटर ओढ, इकडून नीघ. पंच धरून राह्यलेत." आणि तो निघाला होता. कापडवाला संध्याकाळपर्यंत फुटलेल्या कुलुपासमोर उभा होता, आतल्या मालाला हात लावायची परवानगी नव्हती म्हणून. आम्ही घरात बसून भजी खाल्ली होती. तेव्हा मी किती तरी विषयांवर पत्रकं लिहिली होती. ह्या विषयावर एक ओळ नाही.

तेव्हा आता तुम्हाला सांगते, वाचणाऱ्या तुम्हाला. कचेरीला शिव्या देऊन मोकळं होऊ नका. त्या मी दिल्यात, पुरेशा आहेत. तुम्ही कधी तरी मागच्या बोळातून निघालेले आहात. तुमचा पत्ता लिहायला तुम्ही भ्यालेले आहात. तारखा पडतील, हेलपाटे होतील, हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. तरी सुद्धा. पुढच्या वेळी रस्त्यावर, आवारात, दवाखान्याच्या दारात कुणी म्हणालं की दोन माणसं पाहिजेत, तर दुसरा कोण येतो ते बघत उभे राहू नका. पुढं व्हा, नाव सांगा, गाव सांगा, आणि सही करा.